पार्किंगमधलं अंगण

कॅप्टन कॅलम पेटिफर बायकोशी एकदाच खोटं बोलला आणि तेही कपडे वाळत घालण्यावरून. माणसं याहून पुष्कळ मोठं खोटं बोलून सुखाने झोपतात. कॅलमचं नशीब तसं नव्हतं. त्याच्या एका शब्दापायी कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरणाऱ्या झाडून सगळ्या वैमानिकांना दोन आठवडे त्याच्या कपड्यांच्या दोरीची अधिकृत सूचना वाचावी लागली. विमानतळाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या पार्किंगच्या कचेरीतल्या ओचोआ बाई अजून नोकरीत आहेत आणि त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली आहेत.

तो शब्द होता ‘अंगणात’.

एका रविवारी फोनवर बोलता बोलता ब्रॉन्विनने सहज विचारलं होतं, “तिकडे कपडे कुठे वाळत घालतोस रे?” टास्मानियातल्या विनयार्डसारख्या गावात हा फार जवळचा प्रश्न आहे. तिथे प्रत्येक घरामागे अंगण असतं, अंगणात एक लिंबाचं झाड असतं आणि मधोमध लोखंडी खांबावर चार हातांची फिरती दोरी असते, कापड उडून गेलेली भलीमोठी छत्री रोवून ठेवावी तशी. दांडा फिरवला की ती वर जाते, वारा आला की गोल फिरते, आणि घरात मूल असलं तर ते तिच्या हाताला लोंबकळून झोके घेतं आणि बोलणी खातं. यंत्रात कपडे वाळवणं हा ब्रॉन्विनच्या मते सूर्याचा अपमान होता. आपण साडेतीन वर्षं नाणी घालून चालणाऱ्या यंत्रात शर्ट कोंबतोय, हे तिला सांगायचा कॅलमला धीर झाला नाही. “अंगणात,” तो म्हणाला. “मागच्या अंगणात.” तेवढ्यात डोक्यावरून एक मालवाहू विमान गेलं आणि विषय तिथेच राहिला.

खरं म्हणजे कॅलमकडे मागचं अंगण नव्हतं आणि पुढचंही नव्हतं, कारण घरच नव्हतं. विमानतळाच्या कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमध्ये, धावपट्टीच्या टोकाशी, तो एका जुन्या कॅम्परगाडीत राहत होता. अशा पंचवीसेक गाड्यांची तिथे वसाहतच होती. वैमानिक होते, मेकॅनिक होते, मालवाहू विमानांवरचे लोक होते. जागेचं भाडं महिन्याला एकशेवीस डॉलर. कुंपणापलीकडे, ज्या खोलीत पलंग टाकला की दार उघडत नाही, तिचं भाडं चोवीसशे.

हे विनयार्डमध्ये कुणाला सांगूनही पटलं नसतं. तिथे वैमानिक म्हणजे पैशात लोळणारा माणूस. त्याचे सासरे मर्विन, ज्यांनी जन्मभर गाई राखल्या, ते दर नाताळला सगळ्यांदेखत विचारायचे, की जावईबापू, तिकडे नोटा मोजायला माणूस ठेवलाय की यंत्र घेतलंय? जावईबापू हसून बटाटे पुढे सरकवायचे. कॅलमच्या छोट्या कंपनीत पगार तासावर होता आणि तास सुरू व्हायचा विमानाचं दार लागल्यावर. दार उघडं असताना चार तास धुक्याकडे बघत बसलात, तर ते तुमच्या हौसेचं. तिकडे घराचे हप्ते, लेकीच्या, इमोजेनच्या, दातांची तार, गळकं छप्पर. कॅलमने आल्या महिन्यातच हिशेब करून पाहिला होता आणि उत्तर एका ओळीत आलं होतं. पगार परदेशात राहायला व्यवस्थित पुरतो, फक्त परदेशात राहायचं नाही. म्हणून तो राहत नव्हता, पार्क होत होता.

पण त्या ‘अंगणात’नंतर दोन आठवड्यांनी ब्रॉन्विनचा फोन आला. सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत ती आणि इमी येणार होत्या. इमीला बाबाचं अंगण बघायचं होतं.

“आणि मलाही बघायचंय,” ब्रॉन्विन म्हणाली. “आवडलं तर मी इथलं सामान आवरायला घेते. नाही आवडलं तर तू तिथलं घे. असं अर्धं इकडे, अर्धं तिकडे मला आता जमत नाही, कॅलम.”

कॅलमला हे ऐकून आनंद झाला, रडूही आलं आणि दरदरून घामही फुटला. त्याला त्या दोघी हव्या होत्या. रोज संध्याकाळी कॅम्परच्या पायरीवर बसून कॉफी पिताना तो मनाने त्यांना शेजारच्या दोन खुर्च्यांवर बसवायचा, आणि खुर्ची तर एकच होती. आता त्या खरंच येणार होत्या आणि बघायला काही नव्हतं. निदान ती दोरी तरी हवी, असं त्याच्या डोक्यात बसलं. घराची काहीतरी सबब सांगता येईल, पण दोरी दिसली की ब्रॉन्विनला घर दिसेल. हा विचार शहाण्या माणसाचा नाही, हे मलाही कळतं. पण साडेतीन वर्षं एकट्याने नूडल्स खाणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

वसाहतीतलं कुठलंही काम वेंडेल स्ट्राउडला विचारल्याशिवाय होत नसे. कॅप्टन वेंडेल मालवाहू विमानं उडवायचा आणि अकरा वर्षं तिथे राहत होता. वैमानिकांच्या जगात सगळं ज्येष्ठतेने चालतं. सुट्टी ज्येष्ठतेने, चांगली विमानं ज्येष्ठतेने, आणि दुसऱ्या कंपनीत गेलात की पांढऱ्या केसांनिशी पुन्हा शेवटच्या नंबरावर. पार्किंगमध्येही तीच पद्धत होती. जाहिरातीच्या फलकाची सावली पडणारी एकमेव जागा वेंडेलची. कॅलम नंबर एकोणीस, त्यामुळे त्याच्याकडे सूर्य सकाळी सहाला यायचा आणि संध्याकाळपर्यंत मुक्कामाला असायचा.

“ऊन तर हवंच ना कपड्यांना,” वेंडेल म्हणाला. “पण नियम नऊ. बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. मी सांगतो ते ऐक. गुपचूप लाव, आणि कुणी विचारलं तर म्हण, अँटेना आहे.”

हा सल्ला सोन्यासारखा होता. पण कॅलम पडला वैमानिक. त्या धंद्यात माणूस विचारल्याशिवाय काही करतच नाही. इंजिन सुरू करू का, मागे सरकू का, वळू का, निघू का. वीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा परवानगी मागणाऱ्या माणसाला ‘गुपचूप’ हा शब्द कळत नाही. कॅलम सरळ पार्किंगच्या कचेरीत गेला आणि त्याने अर्ज मागितला.

ओचोआ बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत वसाहतीतल्या कुणी आपण होऊन अर्ज मागितल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी खणातून एक चार पानी अर्ज काढला, त्यावरची धूळ झटकली आणि कॅलमने तो तिथेच उभ्या उभ्या, उड्डाणाचा तक्ता भरावा तसा, काटेकोर भरला. वस्तू: कपडे वाळवण्याचं साधन. उंची: जमिनीपासून नऊ फूट. व्यास: दहा फूट. आणि ‘इतर तपशील’ या रकान्यात, कुणीही विचारलेलं नसताना, त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘फिरतं.’

तेवढं लिहिलं नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. धावपट्टीजवळ फिरणाऱ्या वस्तूंची फाइल वेगळ्या खात्याकडे जाते. तिथे पवनचक्क्या, रडार आणि क्रेन हाताळणारे लोक बसतात. त्यांनी कॅलमला पत्र पाठवून विचारलं, की या साधनापासून वीजनिर्मिती किती होणार आहे. कॅलमने कळवलं, वीज होत नाही, फक्त पायजमे वाळतात. त्यावर त्यांनी पायजम्यांचं जास्तीत जास्त वजन विचारलं, ओल्या अवस्थेतलं.

दरम्यान दोरी मिळवायची होती. अमेरिकेत असली वस्तू कुणी ओळखतही नव्हतं. शेवटी बेकर्सफील्डला राहणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन विधवेची जाहिरात सापडली. तिच्या परसात चाळीस वर्षं उभी असलेली दोरी ती विकत होती, पण घेणारा आपल्याकडचाच हवा, अशी तिची अट होती. कॅलम शेजारच्या रेनाटोचा ट्रक घेऊन गेला. बाईने त्याला चहा दिला, गाव विचारलं, घरात कोण कोण आहे विचारलं आणि त्या दोरीच्या हाताला लोंबकळून आपल्या तीन मुलांनी कुठला हात वाकवला ते दाखवलं. पैसे तिने घेतले नाहीत. निघताना म्हणाली, “वारा आला की करकरते. ते तेल घालून बंद करू नकोस. मला त्या आवाजाशिवाय दुपारी झोप येत नसे.” परतीच्या अडीच तासांच्या रस्त्यात कॅलमला घराची इतकी आठवण आली, की त्याने दोनदा ट्रक कडेला घेतला.

रेनाटो विमानांचा मेकॅनिक होता. तो मूळचा इलोइलोचा, आणि दर सुट्टीच्या दिवशी सगळ्या वसाहतीला पुरेल एवढं व्हिनेगरमधलं डुकराचं मटण शिजवायचा. त्याचं म्हणणं, जमिनीत खड्डा खणता येणार नाही, कारण डांबराखालून विमानांच्या इंधनाचा नळ गेला आहे. मग त्याने विमानाचं एक बाद टायर आणलं, त्यात काँक्रीट ओतलं आणि खांब मधोमध उभा केला. काँक्रीट वाळल्यावर लक्षात आलं, की हे प्रकरण आता चार माणसांनाही हलत नाही, आणि ते नेमकं कॅम्परच्या दारासमोर उभं आहे. तेव्हापासून कॅलम स्वतःच्या घरात खिडकीतून जाऊ-येऊ लागला. गणवेशात, चार सोनेरी पट्ट्यांसह. बाकीचे कॉफीचे कप घेऊन बघायला बसायचे.

मग परवानगी आली. ती चौदा दिवसांची होती, क्रेनला देतात तशी, तीस सप्टेंबरच्या दुपारी बारापर्यंत. अटी अशा, की खांबाला नारिंगी आणि पांढरे पट्टे हवेत, चारही हातांना नारिंगी निशाणं हवीत आणि टोकाला लाल दिवा हवा. सोबत एक कागद होता. विमानतळावर येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाने उतरण्याआधी वाचायच्या सूचनांमध्ये ही एक वाढली होती: ‘तात्पुरता अडथळा. फिरता. उंची नऊ फूट. दिवा व निशाणांसह. पृष्ठभाग ओला असू शकतो.’ कॅलमने ती पहिल्यांदा वाचली ती विमानात, प्रवासी चढत असताना, सहवैमानिकाच्या तोंडून. सहवैमानिक म्हणाला, कुठल्या येड्याने काय उभारलंय कोण जाणे. कॅप्टनने त्याला पुढची सूचना वाचायला सांगितली.

पहिल्या चाचणीला अख्खी वसाहत जमली. कॅलमने चार शर्ट, दोन टॉवेल आणि आतले कपडे वाळत घातले, आणि विधवेचा निरोप विसरून रेनाटोने खांबात विमानाचं वंगण घातलं. चाळीस वर्षं करकरत, दमाने फिरणारी दोरी पहिल्या झुळकीला अशी काही भिरभिरली, की वेंडेलने सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. टॉवेल टिकले. एक शर्ट कुंपणावरून उडून पलीकडे गेला. धावपट्टीवर बाहेरची वस्तू सापडणं म्हणजे या धंद्यातलं महापाप. एखादा स्क्रू पडला तरी विमानं थांबतात. इथे तर पट्ट्यांसकट आख्खा शर्ट होता. तो तासाभराने तपासणीच्या गाडीतून, प्लास्टिकच्या पिशवीत, चिठ्ठी लावून परत आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘वस्तू: कॅप्टन, रिकामा.’ संध्याकाळी कंपनीच्या मुख्य वैमानिकाने फोन करून फार गोड आवाजात विचारलं, की आपले कपडे आपल्या आधी ड्यूटीवर का येतात.

कॅलमला त्या दिवशी सगळं उपटून फेकावंसं वाटलं, पण काँक्रीटमुळे उपटता येईना. मग त्याने निमूटपणे जास्तीचे चिमटे आणले आणि रेनाटोकडून वंगण पुसून घेतलं. दोरी पुन्हा करकरायला लागली. दुपारी डोळे मिटून पायरीवर बसलं, की मधल्या वेळात, दोन विमानांच्या मध्ये, घरी असल्यासारखं वाटायचं. ती मधली वेळ दीड मिनिटाची असायची. कॅलम दिवसातून अशी दीड दीड मिनिटं जमवत होता.

आणि एक अनपेक्षित गोष्ट घडू लागली. वेंडेलला टॉवरचं बोलणं रेडिओवर ऐकत नाश्ता करायची सवय होती. एका सकाळी त्याने कॅलमला हाका मारून बोलावलं. मेलबर्नहून आलेल्या विमानाचा वैमानिक टॉवरला सांगत होता, “तुमचा तो फिरता अडथळा दिसला. निळा टॉवेल आहे. वारा पश्चिमेचा दिसतोय. बघून बरं वाटलं.” टॉवरवाल्याने वाऱ्याचा काटा पाहिला. मग म्हणाला, वारा पश्चिमेचाच आहे. दुसऱ्या दिवशी सिडनीच्या वैमानिकाने चौकशी केली, की आज कपडे का नाहीत, घरी सगळं ठीक आहे ना? ऑस्ट्रेलियात उतरताना खाली परसापरसांतून हेच तर दिसतं. अमेरिकेत वरून नुसते निळे पोहण्याचे तलाव दिसतात. त्या सगळ्या तलावांत ही एकच दोरी होती, आणि चौदा तास समुद्रावरून आलेल्या माणसांना ती दिसत होती.

हे ऐकून कॅलमची छाती फुगली. त्यातला धोका मात्र त्याच्या ध्यानात आला नाही.

ब्रॉन्विन आणि इमी मेलबर्नला येऊन थांबल्या होत्या. वैमानिकाच्या घरच्यांना स्वस्तात तिकीट मिळतं, पण जागा उरली तर. वैमानिकाला हजारो लोकांना त्यांच्या त्यांच्या घरी सोडता येतं, फक्त स्वतःच्या बायकोला विमानात बसवता येत नाही. त्यातून तो मेलबर्नमधल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा आठवडा. पहिल्या दिवशी विमान भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही भरलेलंच. तिसऱ्या दिवशी इमीने शेवटपर्यंत बॅग पाठीवर ठेवली आणि दार बंद झालं. सुट्टीचे चौदा दिवस असे एकेक करून कमी होत होते. आणि तिसऱ्या दिवशी ब्रॉन्विनचा फोन आला.

“कॅलम,” ती शांतपणे म्हणाली, “तुझं अंगण कितव्या धावपट्टीला लागून आहे?”

उत्तराची वाट न बघता तिनेच सगळं सांगितलं. दाराशी एक कॅप्टन उभा होता. त्याने इमीला विचारलं, कुठे निघालीस? ती म्हणाली, बाबाचं अंगण बघायला, तिथे आमच्यासारखीच फिरती दोरी आहे. त्याचा चेहरा एकदम खुलला. अरे वा, म्हणजे ती तुमची, म्हणाला. आम्ही सगळे बघतो तिला. उतरताना डावीकडे, गाड्यांच्या तळावर. तिथे लोक गाड्यांत राहतात ना, त्यांच्यातल्या कुणाची तरी आहे असं ऐकलं होतं.

“कधीपासून?” ब्रॉन्विनने विचारलं.

“आल्यापासून.”

“मी स्वयंपाकघर नवं केलं, कॅलम. दगडी ओटा घातला. तू म्हणालास, कर, इकडे भरपूर उरतात.”

“उरतातच की.”

“हो. माणूस राहिलाच नाही तर उरणारच.”

त्यानंतर तिने फोन ठेवला नाही. दोघंही आपापल्या विमानतळाचा गोंगाट एकमेकांना ऐकवत राहिली. शेवटी ती म्हणाली, “इमी रडतेय, मी ठेवते,” आणि ठेवला.

कॅलमला वाटलं, संपलं. त्या आता विनयार्डला परत जातील आणि त्यांचं बरोबरच आहे. त्या दिवशी त्याने कपडे वाळत घातले नाहीत. रेनाटोने मटण आणून दिलं ते त्याने तसंच ठेवलं. वेंडेल सावलीतली खुर्ची उचलून आला आणि उन्हात त्याच्या शेजारी बसला, जे वेंडेलच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

तीस तारखेला सकाळी तोच वेंडेल पायांत चपलाही न घालता धावत आला. उरलेल्या जागांच्या यादीत त्याने नावं पाहिली होती. पेटिफर ब्रॉन्विन, पेटिफर इमोजेन, जागा चौपन्न ए आणि बी. ए म्हणजे खिडकी. डावी बाजू. विमान मेलबर्नहून पाच तास उशिरा सुटलं होतं आणि साडेअकराला येणार होतं. दोरीची परवानगी बाराला संपत होती.

कॅलमने घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चादरी आणि टॉवेल धुऊन वाळत घातले. साडेअकरा झाले. विमान आणखी लांबलं. पावणेबाराला ओचोआ बाई आल्या. त्यांच्याबरोबर क्रेनचा ट्रक आणि दोन माणसं होती. त्यांनी कागद काढला, खांबाकडे पाहिलं, चादरींकडे पाहिलं.

“आज एवढे कपडे, कॅप्टन?”

“बायको येतेय,” कॅलम म्हणाला. “वरून.”

बाईंनी त्याचा चेहरा नीट न्याहाळला. मग स्कर्ट सावरून त्या टायरवर बसल्या. “परवानगी बारापर्यंत आहे,” त्या म्हणाल्या. “बारा कधी वाजले ते मी नाही ठरवत. ते कचेरीतलं घड्याळ ठरवतं. आणि घड्याळ कचेरीत आहे.” ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. रेनाटोने बाईंना मटणाची ताटली दिली.

बारा वाजून चौदा मिनिटांनी विमान आलं. चाकं खाली, घराएवढं मोठं, इतकं जवळून, की चादरी सगळ्या एका बाजूला ताणल्या गेल्या. कॅलम दोन्ही हात वर करून नुसता उभा होता. वरून काय दिसलं असेल ते त्याला कळणं शक्य नव्हतं. विमान गेलं, दोरी दोनदा करकरली, आणि ओचोआ बाई उठून म्हणाल्या, “वाजले बारा.”

त्या दोघी वसाहतीत पोचल्या तोवर खांब कापून ट्रकमध्ये आडवा पडला होता. काँक्रीटचं टायर मात्र क्रेनलाही हललं नाही. इमी त्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, मला दिसलं, बाबा हात वर करून उभा होता, त्याचा शर्ट इस्त्रीचा नव्हता. ब्रॉन्विनने कॅम्पर बघितला, खिडकी बघितली, ती एक खुर्ची बघितली. मग ओल्या चादरी ज्या बादलीत गोळा करून ठेवल्या होत्या, ती उचलली आणि विचारलं, “आता या कुठे वाळत घालायच्या?” आणि तिथेच उभी राहून ती रडली. कॅलमने तिला धरलं. वेंडेल आणि रेनाटो एकदम ट्रकचं चाक तपासायला गेले.

नऊ दिवस ती तिघं त्या कॅम्परमध्ये राहिली. चादरी गाडीच्या आरशांवर आणि दारांवर वाळल्या. आठव्या दिवशी दोन कप विसळता विसळता ब्रॉन्विनने निकाल सांगितला. इथे तिघांना राहता येणार नाही, आणि तुला इथे ठेवून मला तिथे राहता येणार नाही. ओटा सुंदर झालाय, पण त्याच्यापुढे मी एकटीच उभी असते.

कॅलमने त्याचा कंपनीतला ज्येष्ठतेचा नंबर सांगितला. तिकडे आलं तर पुन्हा शून्य. रुग्ण नेणाऱ्या छोट्या विमानाची नोकरी मिळेल कदाचित, अर्ध्या पगाराची.

“पुरेल?” तिने विचारलं.

“नाही. तिथेही नाही पुरणार.”

“मग तिथे एकत्र बसून न पुरू दे,” ब्रॉन्विन म्हणाली.

निघताना तिने त्याची काहीच वस्तू नेली नाही. फक्त ती चार नारिंगी निशाणं घडी करून पर्समध्ये घातली.

व्हिसा संपायला आठ महिने होते. ते त्याने काढले, इतकंच त्यांच्याबद्दल सांगता येईल. कॅम्पर त्याने नंबर वीसला विकला. टायर अजून तिथेच आहे. खात्याने त्याची कायमचा अडथळा म्हणून नोंद केली, आणि वेंडेल त्यावर बसून नाश्ता करतो.

मेलबर्नला कॅलम दीड दिवस रांगेत होता, कारण विनयार्डचं विमान भरलेलं होतं. शेवटी उरलेली एक जागा मिळाली, खिडकीची. समुद्र ओलांडून विमान खाली आलं आणि गावाची परसं दिसू लागली, एकामागून एक. लिंबाची झाडं, पत्र्याची छप्परं, आणि प्रत्येक अंगणात ती चार हातांची छत्री. वरून सगळी सारखीच दिसतात. त्याला भीती वाटली, की आपलं घर आपल्याला ओळखू येणार नाही.

मग एकीच्या चारही हातांना नारिंगी निशाणं दिसली. एका हाताला कुणीतरी लोंबकळत होतं आणि त्याला बोलणी बसत असणार, कारण शेजारी कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं होतं. दोरीवर एकच चादर होती, दोघांच्या पलंगाची. ती पूर्वेकडे ताणली गेली होती. वारा पश्चिमेचा, कॅलमने सवयीने मनात नोंदवलं. पायलटने विमान बरोबर वळवलं, आणि कॅलमने आयुष्यात पहिल्यांदाच, मनातल्या मनातही हात न लावता, ते दुसऱ्या कुणाला तरी उतरवू दिलं.